पाकिटावर ३२००, स्क्रीनवर ११९७

"अण्णा, फसवलं बघा मला."

बेळगावातल्या माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. निपाणीहून पहिल्या बसनं आलेला हा पोरगा लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलेलं, हंगाम तोंडावर, म्हणून त्यानं आठ जीबीची रॅम ऑनलाइन मागवली आणि यूट्यूब बघून स्वतःच घातली. पाकिटावर ठळक अक्षरांत ३२००. घरी सीपीयू-झेड, म्हणजे मशीनच्या आतली माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, उघडून बघतो तर तिथं ११९७. "निम्मीपण मिळाली नाही की हो!"

त्याला कुणी फसवलं नव्हतं. पण ही तक्रार महिन्यातून दोनदा तरी माझ्या टेबलावर येते. कधी खानापूरहून, कधी चिकोडीहून, कधी समोरच्याच गल्लीतून. शब्द वेगळे, रडणं एकच: रॅम वाढवली, बेंचमार्क म्हणजे वेग मोजायची चाचणी चालवली, आकडा समजला नाही, आणि आता वाटतंय की पैसे पाण्यात गेले. दरवेळी कागदाच्या पाठीमागं गणित करून दाखवतो, तो कागद गिऱ्हाईक तिथंच विसरून जातं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी ते ११९७. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या एका ठोक्यात ही रॅम दोनदा माहिती देते. सीपीयू-झेड ठोके मोजतो, पाकीट देवाणघेवाण मोजतं. म्हणून तिथं जे दिसेल त्याची दुप्पट करायची. ११९७ दुणे २३९४, म्हणजे २४०० ची रॅम. ३२०० ची रॅम खरोखर ३२०० वर चालत असेल तर तिथं १५९६-९७ च्या आसपास दिसतं. विंडोजमधला टास्क मॅनेजर हा गुणाकार स्वतःच करून दाखवतो, त्यामुळं एकाच लॅपटॉपवर दोन प्रोग्रॅम दोन आकडे सांगतात आणि माणूस गोंधळतो. शिवाय बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये मशीन नुसतं बसलेलं असताना रॅमचा वेग मुद्दाम खाली आणला जातो, बॅटरी वाचावी म्हणून. तेव्हा हा आकडा बघायचा तो चाचणी चालू असताना, रिकाम्या डेस्कटॉपवर नव्हे.

बरं, मग ३२०० च्या जागी २४०० का? कारण रॅमला वेग कोण देतं, तर प्रोसेसरच्या पोटात बसलेला मेमरी कंट्रोलर. या पोराच्या लॅपटॉपमध्ये आय५-८२५०यू होता. इंटेलनं त्या प्रोसेसरसाठी डीडीआर४ ची मर्यादा २४०० ठेवलेली आहे. आय५-१०२१०यू असेल तर २६६६. आय५-११३५जी७ असेल तर ३२००. एएमडीमध्ये रायझन ५ ३५००यू ला २४००, ५५००यू ला ३२००. त्या मर्यादेवरची रॅम घातली तर ती निमूटपणे खाली उतरून चालते, बिघडत नाही. जुनी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, २६६६ ची आणि नवी ३२०० ची असेल तर दोघी २६६६ वर चालतात. बैलजोडीत एक बैल हळू असला की गाडी त्याच्याच चालीनं जाते, तसंच हे.

एक्सएमपी लिहिलेल्या महागड्या स्टिकबद्दल इथंच सांगून टाकतो. जास्तीचा वेग एक्सएमपी प्रोफाइलमध्ये, म्हणजे स्टिकमध्ये लिहून ठेवलेल्या वेगवान सेटिंगमध्ये असतो आणि बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ते चालू करायची सोयच नसते. लॅपटॉप जेडेकच्या, म्हणजे सर्वमान्य मानकाच्या साध्या प्रोफाइलवर चालतो. डेस्कटॉपवाल्या मित्राचं ऐकून लॅपटॉपसाठी तसली रॅम घेऊ नका, एवढंच.

आता ते कागदामागचं गणित. रॅमचा एक चॅनल, म्हणजे रॅमपासून प्रोसेसरपर्यंतची एक वाट, ६४ बिट रुंद, म्हणजे एका वेळी ८ बाइट. रॅमचा वेग गुणिले ८, गुणिले चॅनल किती तेवढे. २४०० ला आठानं गुणलं की १९,२००, म्हणजे एका चॅनलवर सेकंदाला १९.२ जीबी. दोन चॅनल (ड्युअल) असतील तर ३८.४. तसंच २६६६ ला एका चॅनलवर २१.३ आणि दोनवर ४२.६ च्या पुढं थोडं. ३२०० ला २५.६ आणि ५१.२. ही कागदावरची कमाल. याच्यापुढं कुठलाच बेंचमार्क प्रामाणिकपणे जाऊ शकत नाही.

निपाणीच्या पोराला मी त्याचा लॅपटॉप चार्जरला लावून आयडा६४ या प्रोग्रॅममधली मेमरी चाचणी चालवायला लावली. रीडचा, म्हणजे वाचण्याच्या वेगाचा आकडा आला बत्तीसच्या आसपास. बत्तीस भागिले ३८.४, म्हणजे ८३ टक्के. उत्तम! त्याला विचारलं, आधी किती होता? त्यानं मोजलंच नव्हतं. मी नवी स्टिक काढून ठेवली, परत चाचणी लावली, आकडा आला सतराच्या आसपास. म्हणजे या माणसाचा वेग जवळजवळ दुप्पट झाला होता आणि तो मला फसवलं म्हणत बसमध्ये बसून आला होता. स्क्रू उघडण्याआधी एकदा चाचणी चालवून फोनमध्ये फोटो काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऐकत कुणी नाही.

शंभर टक्के का येत नाही, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. रॅमच्या पेशी म्हणजे गळकी भांडी. भरलेला भार टिकून राहत नाही, सारखा पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश होतो आणि तेवढा वेळ ती जागा वाचता येत नाही. त्यात एक ओळ बंद करून दुसरी उघडायची, वाचणं थांबवून लिहायला वळायचं, यात वेळ जातो. माझा आपला अनुभवाचा अंदाज असा: कमालीच्या पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांवर रीड आलं की मी लॅपटॉप बंद करून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास आलं की समजायचं, दोन चॅनल समजून हिशेब केला पण चालतोय एकच.

आणि आकडा कमालीच्या वर गेला तर? तर तो रॅमचा आकडाच नाही. चाचणीनं घेतलेला डेटा एवढा छोटा असतो की तो प्रोसेसरच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या पोटातल्या छोट्या मेमरीतच मावतो, रॅमपर्यंत कुणी जातच नाही. ८२५०यू मध्ये ६ एमबी एल३ कॅश आहे, ११३५जी७ मध्ये ८ एमबी. लिनक्सवाली इंजिनिअरिंगची पोरं स्ट्रीम नावाची चाचणी चालवतात. तिचा नियमच आहे की प्रत्येक अॅरे (चाचणीसाठी घेतलेला डेटाचा गठ्ठा) कॅशच्या किमान चौपट असला पाहिजे. एक जण ३२०० च्या एकाच स्टिकवर नव्वद जीबी आलंय म्हणून मित्रांना पार्टी द्यायला निघाला होता. अॅरे मोठा केल्यावर बावीसवर आला. पार्टी रद्द.

आयडा६४ च्या चाचणी आवृत्तीत काही चौकटी झाकलेल्या असतात, त्याला रॅमचा दोष समजू नका. फुकटात काम भागवायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजीत विनसॅट, मग स्पेस, मग मेम टाइप करा. विंडोज स्वतःच एक आकडा देतं, एमबीमध्ये. तो आयडाच्या आकड्याशी जुळणार नाही. दोन वेगळ्या प्रोग्रॅमांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून भांडायचं नसतं. एक प्रोग्रॅम धरा आणि आधी-नंतर त्याचाच वापरा.

लेटन्सीवरून, म्हणजे माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंतच्या वेळेवरून होणारी भांडणं थोडक्यात. "जुनी सीएल १७ होती, नवी सीएल २२ आहे, म्हणजे नवी मंद." नाही. सीएल म्हणजे ठोक्यांची संख्या, आणि ठोकाच लहान झाला असेल तर जास्त ठोकेही तेवढ्याच वेळात होतात. २४०० ला सीएल १७ म्हणजे सुमारे १४.२ नॅनोसेकंद. ३२०० ला सीएल २२ म्हणजे १३.७५. डीडीआर५ ४८०० ला सीएल ४० म्हणजे १६.७ च्या आसपास, तिथं थोडं वाढतं खरं, पण बदल्यात रुंदी मिळते. बेंचमार्कमध्ये दिसणारे सत्तर, ऐंशी, नव्वद नॅनोसेकंद हे नुसत्या रॅमचे नसतात. प्रोसेसरच्या कोअरपासून निघून कॅश ओलांडून कंट्रोलरमधून रॅमपर्यंत जाऊन परत येण्याचा सगळा फेरा त्यात धरलेला असतो. एका स्टिकच्या दोन केल्यावर हा आकडा एखाद-दुसऱ्या नॅनोसेकंदानं हलला तर त्यासाठी बेळगावला चक्कर मारू नका.

डीडीआर५ वाल्यांची एक वेगळी फसगत होते. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात डिझाइनचं काम करणारे एक सर आले होते. त्यांच्याकडं डीडीआर५ ४८०० ची एकच स्टिक, आणि सीपीयू-झेडमध्ये चॅनलच्या जागी "२ गुणिले ३२ बिट" दिसतंय. "दोन दिसतायत म्हणजे ड्युअलच की." तसं नाही. डीडीआर५ ची एक स्टिक आतून ३२ बिटांच्या दोन वाटांत विभागलेली असते. दोन वाटा मिळून शेवटी तेच ६४ बिट, म्हणजे ३८.४ जीबी. खरोखर दोन स्टिक बसल्या की तिथं ४ गुणिले ३२ दिसायला पाहिजे आणि कमाल ७६.८ होते.

अकराव्या पिढीचा, नावात जी७ असलेला इंटेल आय५ किंवा आय७ असेल तर बेंचमार्क न चालवताही एक खूण मिळते. ती मला फार आवडते. एकच स्टिक असताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव यूएचडी ग्राफिक्स दिसतं. बरोबरीची दुसरी स्टिक बसवली की तेच ग्राफिक्स आयरिस एक्सई म्हणून दिसायला लागतं. चिप तीच. एका चॅनलवर त्या ग्राफिक्सला पुरेशी रॅम-वाट मिळत नाही, म्हणून इंटेल ते मोठं नाव देत नाही. नाव बदललं का बघा, चहा प्या, घरी जा.

आता ज्या केसनं माझे तीन दिवस खाल्ले ती. खानापूरची एक मुलगी, बेळगावात इंजिनिअरिंगला. लॅपटॉप आय५-११३५जी७ चा. त्यात ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा. तिनं त्यात १६ जीबीची ३२०० ची स्टिक घातली. एकूण २० जीबी. तक्रार अशी की बेंचमार्क रोज वेगळा येतो. "सर, काल ४३ आला, आज सकाळी २४, परत रिस्टार्ट केला तर ३५. रॅम खराब आहे का?"

मी आधी नेहमीचं केलं. स्टिक काढून पुसून बसवली. बायोस अपडेट केला. रॅममधल्या चुका शोधणारा मेमटेस्ट रात्रभर लावला, एकही चूक नाही. आकडा मात्र तसाच, कधी वर कधी खाली. तिसऱ्या दिवशी टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरच्या ओळीत "रो ऑफ चिप्स" वाचलं आणि डोक्यात दिवा लागला. माझ्याच कपाळावर हात मारून घेतला, कारण सोल्डर केलेली रॅम आहे हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

दोन चॅनलवर रॅम असमान असली की इंटेल लॅपटॉप फ्लेक्स पद्धतीनं चालतो. ४ आणि १६ असेल तर दोन्हीकडचे ४-४ जीबी एकत्र जोडून ८ जीबीचा भाग दोन चॅनलवर चालतो. उरलेले १२ जीबी एकाच चॅनलवर. निपाणीहून बेळगावला हायवेनं सुसाट या आणि पुढं गोव्याला जायला जांबोटीच्या रस्त्याला लागा, तसा प्रकार. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता निमुळता. चाचणीला विंडोजनं जी जागा दिली ती ८ जीबीच्या भागात पडली तर आकडा ४३-४४. बाराच्या भागात पडली तर तेवीस-चोवीस. थोडी इकडं थोडी तिकडं पडली तर मधेच कुठंतरी. प्रत्येक रिस्टार्टला जागा बदलते म्हणून आकडा बदलतो. रॅम ठणठणीत होती.

तिचा पुढचा प्रश्न शहाणा होता. "मग १६ काढून ४ ची घालू का? म्हणजे पूर्ण ड्युअल होईल." होईल, आणि रोज चव्वेचाळीस येईल. पण एकूण रॅम ८ जीबी उरेल. तिला चालवायचा होता अँड्रॉइड स्टुडिओ, सोबत एम्युलेटर, सोबत क्रोमचे वीस टॅब. तेवढ्यानं ८ जीबी तासाभरात भरून वाहायला लागले असते आणि मग विंडोज रॅममध्ये न मावणारा डेटा एसएसडीवर नेत-आणत (पेजिंग करत) बसलं असतं. साटा एसएसडी चांगला चालला तरी सेकंदाला अर्ध्या जीबीच्या आसपास. म्हणजे रॅमचा मंद भागसुद्धा त्याच्यापेक्षा चाळीसपट वेगवान. ८ ची स्टिक घालून १२ करता आले असते, पण ड्युअल भाग तरीही ८ च राहिला असता, कारण तो ठरतो लहान बाजूवर. माझं मत: सोल्डर केलेल्या ४ सोबत जितकी मोठी स्टिक परवडेल तितकी घाला आणि बेंचमार्कच्या चढउताराकडं पाठ फिरवा. गेम खेळणारा असेल आणि ग्राफिक्स अंतर्गतच असेल तर मात्र मी हे एवढ्या जोरात म्हणणार नाही. त्याला तो फरक स्क्रीनवर दिसतो.

या प्रकाराला जवळचा एक छोटा गोंधळ: दोन्ही स्टिक ८-८ च्या, दोन्ही ३२०० च्या, तरी आकडा मित्राच्या लॅपटॉपपेक्षा थोडा कमी. स्टिक हातात घेऊन लेबल वाचा. १ आर गुणिले १६ लिहिलंय की १ आर गुणिले ८? पहिलीत चारच चिप असतात, दुसरीत आठ. डीडीआर४ च्या त्या रुंद चिपमध्ये बँक ग्रुप, म्हणजे आतल्या कप्प्यांचे गट, चारऐवजी दोनच असतात. एकाच ग्रुपला लागोपाठ हाक मारली की जास्त थांबावं लागतं. स्वस्त मिळते, चालते, थोडा वेग खाते. बदलायच्या भानगडीत पडू नका, पण नवी घेताना आठ चिपची मागा.

इथवरच्या तक्रारींत रॅमचा काही दोष नव्हता. खरा बिघाड आपल्याकडं पावसाळ्यात येतो.

कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथं पाऊस कसा पडतो ते खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. तिथल्या एका शिक्षकांचा लॅपटॉप सलग दोन वर्षं जुलैमध्ये माझ्याकडं आला. तक्रार: हळू झालाय. बेंचमार्क ऐन उन्हाळ्यात चाळीसच्या पुढं, जुलैत वीस-बावीस. इथं मी पहिली गोष्ट करतो ती ही: आकडा अर्धा झाला की आधी जीबी मोजायचे. टास्क मॅनेजरमध्ये एकूण रॅम किती दिसते? त्यांच्या लॅपटॉपमध्ये सोळाच्या जागी आठच दिसत होते. म्हणजे दुसरी स्टिक मशीनला दिसतच नाही. जीबी पूर्ण असून आकडा अर्धा असेल तर कारण वेगळीकडं शोधायचं: बॅटरी, पॉवर मोड, फ्लेक्स, मागं चाललेलं काहीतरी. जीबीच निम्मे झाले असतील तर स्क्रूड्रायव्हर काढायचा.

लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, मागचं कव्हर उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मग पॉवर बटण पंधराएक सेकंद दाबून धरायचं. दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर सरकवल्या की स्टिक तिरकी वर येते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर दमटपणानं धुरकट थर आलेला असतो, स्लॉटच्या दातांत धूळ आणि ओल मिळून पापुद्रा. आमच्या धंद्यात सगळे खोडरबर वापरतात, मीही वर्षानुवर्षं वापरला. आता सोडलाय. सोन्याचा थर अगदी पातळ असतो. रबरानं घासला की तो झिजतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर एका बिघाडाचे दोन होतात. मोबाइलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. धागे न सुटणाऱ्या कापडाला थोडं लावून पुसायचं, स्लॉटमध्ये मऊ ब्रश फिरवायचा, पूर्ण सुकू द्यायचं. बसवताना स्टिक तिरकी धरून आत जोर द्यायचा, सोनेरी पट्टी जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत. मग खाली दाबायची. दोन्ही क्लिपा कट्ट करून बसल्या पाहिजेत. एकच आवाज आला तर परत काढायची. घरी रॅम घातलेल्या दहा लॅपटॉपमध्ये दोन-तीन तरी मला अर्धवट बसलेल्या सापडतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन थोडा वेळ काळीच राहिली तर घाबरून बटण दाबू नका. रॅम बदलली की मशीन नव्यानं तिचं माप घेतं, डीडीआर५ ला तर आणखी वेळ लागतो. चालू झाल्यावर आधी जीबी बघा, मग आकडा, आणि मग रात्री मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवरून लावून झोपा. निदान एक पूर्ण फेरा. तिथं "दोनच चुका आल्यात, चालतंय की" असं नसतं. शून्य म्हणजे शून्यच पाहिजे. रॅमची चूक बेंचमार्कमध्ये दिसत नाही. ती दिसते महिन्याभरानं, खराब झालेल्या फाइलमध्ये.

चुका आल्या तर एकेक स्टिक वेगळी लावून, दोन्ही स्लॉटमध्ये फिरवून परत चाचणी घ्यायची. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक वॉरंटीत पाठवा. स्लॉटबरोबर राहिली तर बोर्डाचं काम आहे. शिक्षकांच्या लॅपटॉपमध्ये स्वच्छता पुरली. पण दरवर्षी जुलैत येणं त्यांना परवडत नव्हतं, म्हणून विचारपूस केली. लॅपटॉप ठेवायचे कुठं, तर खिडकीखालच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात, कपड्यांच्या पिशवीत गुंडाळून. पावसात ती भिंत रडते. मी सांगितलं, रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, आतल्या उबेनं ओल धरत नाही, आणि कपाट बदला.

आता जीबी पूर्ण आणि आकडा कमी, यातलं सगळ्यात साधं कारण. करंट गेला की बरेच जण बॅटरीवरच चाचणी चालवतात आणि आकडा पडला म्हणून फोन करतात. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःला आवरतो. प्रोसेसरचा वेग कमी होतो, तो रॅमकडं कमी मागण्या पाठवतो, काही मशीनमध्ये रॅमचा वेगही खाली येतो. बाजारातला कमी वॅटचा चार्जर लावला तरी हाच खेळ, वर बॅटरीचं चिन्ह चार्जिंग दाखवत असतं म्हणून शंका येत नाही. मूळ चार्जर, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्स, रिस्टार्ट करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे अँटिव्हायरस आणि अपडेट शांत होतात. क्रोम बंद. चाचणी तीनदा, मधला आकडा धरायचा. सगळ्यात मोठा आकडा धरायचा मोह होतो, मला पण होतो.

गुळाच्या व्यापाऱ्याकडं हिशेब लिहिणारे एक काका आहेत. त्यांची गोष्ट या सगळ्याच्या उलटी. त्यांनी ४ चे १६ केले. बेंचमार्क बघितला तर ८५ टक्के, देखणा. तरी टॅली उघडायला दीड मिनिट. त्यांच्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क होती, तिचं वाचणं सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास, तेही फाइल एकसलग असेल तर. टॅली पहिल्यांदा उघडताना सगळं डिस्कवरूनच यायचं, तिथं रॅम काय करणार? रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट (रॅममध्ये न सापडल्यामुळं डिस्ककडं जावं लागणं) जवळजवळ शून्य आणि डिस्क शंभर टक्के, म्हणजे रॅम पुरेशी आहे आणि दुखणं दुसरीकडं. साटा एसएसडी घातल्यावर टॅली दहा सेकंदांत उघडली. "मग आधीच का नाही सांगितलं?" काका म्हणाले. आधी त्यांनी मला विचारलंच नव्हतं, रॅम घेऊनच आले होते.

हल्ली मी एक करतो. लॅपटॉप परत देताना मागच्या कव्हरच्या आत एक छोटी चिठ्ठी चिकटवतो: तारीख, एकूण जीबी, रॅमचा वेग, एक चॅनल की दोन की फ्लेक्स, आणि चार्जरवर आलेला मधला आकडा. निपाणीच्या पोराच्या चिठ्ठीवर १६, २४००, दोन, ३२ असं आहे. खानापूरच्या मुलीच्या चिठ्ठीवर आकड्याच्या जागी मी "२३ ते ४४, दोन्ही बरोबर" लिहिलंय. कणकुंबीच्या सरांच्या चिठ्ठीवर गेल्या जुलैची तारीख आहे, आणि यंदा त्यांचा फोन आला तो ऑगस्ट संपता संपता, प्रिंटरसाठी.